क्लाउडवरचा संगणक घेताना: प्रोसेसर, रॅम आणि डिस्क किती घ्यावी?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० साठी नेहमीच्या मोफत सुरक्षा-दुरुस्त्या देणे बंद केले. आपल्यापैकी अनेकांच्या घरी, डेअरीत, छोट्या ऑफिसात असलेले संगणक अजून उत्तम चालतात, पण विंडोज ११ त्यांच्यावर बसत नाही. तेव्हापासून एक प्रश्न वरचेवर विचारला जातो: नवीन संगणक विकत घ्यावेत, की क्लाउडवरचे भाड्याने घ्यावेत? आणि भाड्याने घ्यायचे तर केवढे?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर ज्याच्या त्याच्या कामावर अवलंबून आहे. दुसऱ्याचे उत्तर मात्र बरेचसे हिशोबाने काढता येते. विकणारा नेहमी मोठे मशीन सुचवतो आणि आपण सवयीने स्वस्तातले निवडतो. दोन्हींत पैसे जातात. म्हणून ही माहिती एका जागी लिहून ठेवत आहे. दर सतत बदलतात, त्यामुळे किमती दिलेल्या नाहीत. हिशोबाची रीत दिली आहे, ती लवकर जुनी होणार नाही.

१. हे नेमके काय आहे?

आपला विंडोजचा डेस्कटॉप, त्यातले प्रोग्रॅम आणि फायली एखाद्या डेटा सेंटरमधल्या मोठ्या सर्व्हरवर असतात. आपल्या टेबलावरच्या संगणकावर फक्त त्याचे चित्र दिसते. आपले टाइपिंग आणि माउसच्या हालचाली तिकडे जातात, बदललेले चित्र इकडे येते. यालाच आभासी किंवा व्हर्च्युअल डेस्कटॉप म्हणतात.

लहान व्यवसायांना परवडतील अशा प्रमुख सेवा तीन:

- ॲमेझॉन वर्कस्पेसेस (२०१४ पासून). तयार आकारांतून निवडायचे. भाडे महिन्याचे किंवा तासाचे.
- अझ्युर व्हर्च्युअल डेस्कटॉप (२०१९ पासून, आधीचे नाव विंडोज व्हर्च्युअल डेस्कटॉप). एका मोठ्या मशीनवर अनेकजण एकाच वेळी बसू शकतात. भाडे वापराप्रमाणे. मांडणी करायला जाणकार माणूस लागतो.
- विंडोज ३६५ (ऑगस्ट २०२१ पासून). एका माणसाला एक संगणक, महिन्याचे ठराविक भाडे. डोक्याला ताप सर्वांत कमी.

२. आधी मोजा, मग निवडा

सध्या जे संगणक वापरता त्यांच्यावर एक आठवडा लक्ष ठेवा. महिनाअखेर किंवा जीएसटी रिटर्नचा आठवडा असेल तर उत्तम. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणे एकत्र दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्यातल्या परफॉर्मन्स या भागात कामाच्या ऐन गर्दीत चार आकडे पाहून वहीत लिहा:

- प्रोसेसर किती टक्के वापरात आहे, आणि तो क्षणभर चढतो की तासभर चढलेलाच राहतो;
- रॅम किती जीबी वापरात आहे;
- डिस्क किती टक्के गुंतलेली आहे;
- सी ड्राइव्हवर प्रत्यक्ष किती जागा भरली आहे.

'माझ्याकडे १६ जीबी रॅम आहे, म्हणून मला १६ जीबीच हवी' हा विचार चुकीचा आहे. सहा जीबीच वापरात येत असेल तर आठ जीबीचे मशीन पुरते. उलट आठ जीबीच्या संगणकावर साडेसात जीबी भरलेली दिसत असेल तर तो आजच अडखळतो आहे. क्लाउडवरही तेवढीच रॅम घेतली तर तो तिकडेही अडखळेल.

३. प्रोसेसर

क्लाउडच्या दरपत्रकात 'व्हीसीपीयू' असा शब्द असतो. बहुतेक मशीनांत एक व्हीसीपीयू म्हणजे प्रोसेसरचा अख्खा कोअर नसून त्यातला एक धागा, म्हणजे साधारण अर्धा कोअर असतो. आपल्या लॅपटॉपच्या चार कोअरची तुलना चार व्हीसीपीयूशी करू नका.

एका मशीनवर अनेकजण बसणार असतील तर मायक्रोसॉफ्टचा अंदाज असा आहे:

- हलके काम (माहिती भरणे): एका व्हीसीपीयूमागे जास्तीत जास्त ६ जण
- मध्यम काम (वर्ड, एक्सेल, हिशोब): जास्तीत जास्त ४ जण
- जड काम (सॉफ्टवेअर लिहिणे, मोठ्या फायली): जास्तीत जास्त २ जण
- फार जड काम (आराखडे, व्हिडिओ): १ जण

हे वरचे टोक आहे. व्हिडिओ कॉल आणि वीस-वीस टॅब उघडे ठेवलेला ब्राउझर आला की 'मध्यम' माणूस 'जड' होतो. एकट्याला स्वतंत्र मशीन असेल तर दोन व्हीसीपीयू ही किमान पायरी समजा. एका व्हीसीपीयूवर विंडोज चालू होते, पण अँटिव्हायरसने तपासणी सुरू केली की माउसही हलत नाही.

अझ्युरवर बी-मालिकेची मशीने स्वस्त मिळतात. ती कमी वापराच्या वेळी 'पुण्य' साठवतात आणि गर्दीच्या वेळी खर्च करतात. पुण्य संपले की वेग एकदम उतरतो. दिवसातून दोनदा हिशोब पाहणाऱ्या दुकानदाराला ती चालतील. दिवसभर त्यावर बसणाऱ्याला दुपारनंतर त्रास होईल.

४. रॅम

बहुतेक छोट्या ऑफिसांत अडचण प्रोसेसरची नसते, रॅमची असते. रॅम संपली की विंडोज डिस्कचाच रॅमसारखा वापर करू लागते, आणि मग सगळेच मंद होते. लोक म्हणतात इंटरनेट खराब आहे. खरे कारण रॅम असते.

अझ्युरच्या मशीनांची नावे वाचायला शिकल्यास निम्मे काम होते. अक्षर मालिकेचे, त्यापुढचा आकडा व्हीसीपीयूचा. डी-मालिकेत साधारणपणे एका व्हीसीपीयूमागे ४ जीबी रॅम मिळते, ई-मालिकेत ८ जीबी. म्हणजे 'डी ४' ला १६ जीबी आणि 'ई ४' ला ३२ जीबी. रॅम कमी पडत असेल तर डी ४ वरून डी ८ वर जाण्याऐवजी ई ४ पाहा. नको असलेले प्रोसेसर विकत घ्यावे लागत नाहीत.

वर्कस्पेसेसमध्ये 'स्टँडर्ड' म्हणजे २ व्हीसीपीयू आणि ४ जीबी, 'पॉवर' म्हणजे ४ व्हीसीपीयू आणि १६ जीबी. विंडोज ३६५ मध्ये २ व्हीसीपीयूबरोबर ४ किंवा ८ जीबी, ४ बरोबर १६ जीबी, असे ठरलेले जोड आहेत. आजच्या ब्राउझरला ४ जीबी अपुरी पडते. ऑफिसच्या कामाला ८ जीबीपासून सुरुवात करावी.

५. डिस्क

डिस्क निवडताना सगळे जीबी पाहतात. पाहायचे तीन आकडे असतात: जागा किती, सेकंदाला किती वेळा वाचणे-लिहिणे होते (याला आयओपीएस म्हणतात), आणि सेकंदाला किती एमबी वाहते.

अझ्युरच्या प्रीमियम एसएसडीमध्ये वेग आकाराला बांधलेला आहे. ६४ जीबीच्या डिस्कला २४० आयओपीएस, १२८ जीबीला ५००, ५१२ जीबीला २३००, आणि १ टीबीला ५०००. जागा नको असली तरी वेगासाठी मोठी डिस्क घ्यावी लागते, ती या कारणाने. ॲमेझॉनच्या जुन्या जीपी२ डिस्कचेही असेच होते. त्यांच्या जीपी३ मध्ये मात्र आकार कितीही असो, ३००० आयओपीएस आणि १२५ एमबी मूळ किमतीतच मिळतात. त्यामुळे तिथे स्वतःचे मशीन उभारत असाल आणि कुणी जीपी२ लावून दिली असेल तर बदलून मागा.

फिरत्या तबकडीची स्टँडर्ड हार्डडिस्क विंडोजच्या मूळ ड्राइव्हसाठी घेऊ नका. ती जुन्या फायली आणि बॅकअप ठेवायला ठीक आहे.

सामायिक मशीनवर प्रत्येकाची स्वतःची मांडणी, आउटलुक, डेस्कटॉपवरच्या फायली वेगळ्या ठिकाणी ठेवाव्या लागतात. त्यासाठी एफएसलॉजिक्स नावाची सोय वापरतात. तिचा हिशोब असा: काम चालू असताना माणशी १० आयओपीएस, पण लॉगिन आणि लॉगआउटच्या वेळी माणशी ५०. सकाळी साडेआठला सगळे एकदम येतात, तेव्हाचा आकडा धरायचा, दुपारचा नाही.

दोन गोष्टी मोठ्या अक्षरात लिहून भिंतीवर लावाव्यात अशा आहेत:

- अझ्युरच्या काही मशीनांवर 'टेम्पररी स्टोरेज' नावाचा ड्राइव्ह दिसतो, बहुधा डी. तो नावाप्रमाणे तात्पुरता आहे. मशीन बंद करून पुन्हा सुरू केले की त्यावरचे सगळे जाऊ शकते. भारतातल्या सवयीने 'सी वर विंडोज, डी वर माझ्या फायली' असे इथे करू नका. वर्षाचे काम एका रात्रीत जाईल.
- डिस्क वाढवता येते, कमी करता येत नाही. विंडोज ३६५ मध्येही मोठ्या डिस्कवरून लहान डिस्कवर परत येण्याची सोय नाही. म्हणून लहान घ्या, गरज पडली की वाढवा.

६. सर्व्हर कुठल्या गावचा?

न्यूझीलंडमध्ये पूर्वी जवळचा पर्याय म्हणजे सिडनी होता. आता अझ्युरचे ऑकलंड केंद्र डिसेंबर २०२४ पासून आणि ॲमेझॉनचे सप्टेंबर २०२५ पासून सुरू आहे. भारतात अझ्युरची पुणे आणि मुंबई केंद्रे २०१५ पासून, ॲमेझॉनचे मुंबई केंद्र २०१६ पासून आहे. नव्या केंद्रात प्रत्येक प्रकारचे मशीन मिळेलच असे नाही, आणि दरही केंद्रागणिक वेगळे असतात. आधी दोन्ही तपासा.

अंतराचा हिशोब सोपा आहे. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. ऑकलंड ते सिडनी सुमारे २१५० किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन किमान २२ मिलिसेकंद. ऑकलंड ते मुंबई सरळ रेषेत सुमारे १२,३०० किलोमीटर, म्हणजे किमान १२३. समुद्राखालच्या केबल सरळ रेषेत जात नाहीत, म्हणून प्रत्यक्षात आकडा याहून बराच मोठा येतो. मायक्रोसॉफ्टचा सल्ला १५० मिलिसेकंदांच्या आत राहण्याचा आहे. सिडनीचा सर्व्हर ऑकलंडहून वापरताना फरक जाणवत नाही. पुण्याहून ऑकलंडचा डेस्कटॉप वापरताना मात्र अक्षर उमटायला क्षणभर उशीर होतो. हिशोबाच्या नोंदी करायला ते चालते, आराखडे काढायला नाही.

डेस्कटॉप माणसाजवळ ठेवावा की फायलींजवळ? फायलींजवळ. एक्सेलची मोठी फाइल उघडताना शेकडो फेऱ्या होतात, त्या डेटा सेंटरच्या आतल्या आत व्हाव्यात. दूर फक्त चित्र जावे.

चित्रासाठी लागणारे इंटरनेट माणशी साधारण दीड ते पाच एमबीपीएस धरा, ग्राफिक्ससाठी १५. यूएफबी योजनेत २०२२ अखेर देशातल्या ८७ टक्के लोकसंख्येपर्यंत फायबर पोहोचले, त्यामुळे शहरात प्रश्न नाही. गावाबाहेर लाइफस्टाइल ब्लॉकवर राहणाऱ्यांनी मात्र आधी महिनाभर चाचणी घ्यावी.

७. भाडे कसे वाढते

महिन्याचे तास सुमारे ७३०. दिवसाला ८ तास आणि २२ दिवस काम केले तर १७६, म्हणजे पाव हिश्श्याहूनही कमी. तासाच्या भाड्याचे मशीन रात्रंदिवस चालू राहिले तर चौपट बिल येते.

- अझ्युरचे मशीन विंडोजच्या आतून 'शट डाउन' केले तरी भाडे चालूच राहते. पोर्टलवरून 'डीअलोकेट' करावे लागते. ठरलेल्या वेळी आपोआप बंद होण्याची सोय लावून घ्या.
- मशीन बंद असले तरी डिस्कचे भाडे चालू असते.
- वर्कस्पेसेसमध्ये 'ऑटोस्टॉप' निवडले तर वापर थांबल्यावर ते स्वतः झोपते. दिवसभर वापरणाऱ्याला महिन्याचे भाडे स्वस्त पडते, अधूनमधून वापरणाऱ्याला तासाचे.
- एक किंवा तीन वर्षांचा करार केला तर सवलत मिळते. पण पहिले तीन महिने करार करू नका. मोजमाप चुकले असेल तर चूक तीन वर्षे भरावी लागते.
- दर अमेरिकन डॉलरमध्ये आहे का आणि त्यात १५ टक्के जीएसटी धरला आहे का, ते पाहा.

८. एक उदाहरण: पाचजणांचे हिशोबनीसांचे ऑफिस

चारजण ऑकलंडला, एक पुण्याला. सगळ्यांचे काम मध्यम. प्रोसेसरच्या हिशोबाने पाचजणांना दोन व्हीसीपीयू पुरावेत, पण सामायिक मशीन चारपेक्षा लहान घेऊ नये. रॅम: मोजली तेव्हा माणशी अडीच जीबी निघाली असे धरू. पाचांची साडेबारा, विंडोजची स्वतःची चार, एकूण साडेसोळा. डी ४ ची १६ जीबी अपुरी. म्हणून ई ४. प्रोफाइलची जागा माणशी ३० जीबी, म्हणजे १५०. लॉगिनच्या वेळी पाच गुणिले ५०, म्हणजे २५० आयओपीएस. १२८ जीबीची प्रीमियम डिस्क वेगाला पुरते पण जागेला कमी पडते. त्यापुढची २५६ जीबीची घ्यावी.

आता तास. ऑकलंडचे लोक साडेआठ ते पाच. पुण्याचे सकाळचे साडेनऊ म्हणजे आपल्या उन्हाळ्यात इथले संध्याकाळचे पाच, हिवाळ्यात चार. पुण्याचा माणूस संध्याकाळी सहापर्यंत बसतो, म्हणजे इथले रात्रीचे दीड. मशीन दिवसाला १७ तास चालणार, महिन्याला ३७४ तास. 'संध्याकाळी सहाला बंद' असे लावले तर पुण्याच्या माणसाचे अर्धवट काम तासाभरात तुटेल. एप्रिल आणि सप्टेंबरमध्ये इथली घड्याळे बदलली की ही वेळही तपासावी.

एकाच्या कामासाठी आठ-साडेआठ तास अख्खे मशीन चालवणे महाग वाटत असेल, तर त्याला २ व्हीसीपीयू, ८ जीबीचे स्वतंत्र विंडोज ३६५ द्यावे आणि मोठे मशीन संध्याकाळी बंद करावे. दोन्हींची बेरीज करून पाहा. बहुतेकदा तंत्रज्ञ सामायिक मशीन सांगतो. पण ते सांभाळायला लागणारे त्याचे तासही बेरजेत धरा. पाचजणांसाठी पाच विंडोज ३६५ घेणे कधीकधी एकूणात स्वस्त पडते.

९. आराखडे, विद्यार्थी आणि आईबाबा

इमारतींचे त्रिमितीय आराखडे काढणाऱ्यांना ग्राफिक्स कार्ड असलेले मशीन लागते. अझ्युरच्या एनव्ही-मालिकेत एका कार्डाचा सहावा हिस्साही भाड्याने मिळतो. त्याबरोबर ६ व्हीसीपीयू आणि ५५ जीबी रॅम येते. महाग आहे, म्हणून तासावर घ्यावे आणि काम झाले की बंद करावे. रोज आठ तास वापरणार असाल तर टेबलावरचे वर्कस्टेशनच परवडते.

फक्त ईमेल, बँक आणि यूट्यूब पाहणाऱ्याला क्लाउड डेस्कटॉपची गरज नाही. इथे राहायला आलेल्या आईबाबांना एखादा साधा टॅबलेट जास्त उपयोगी पडेल.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी: नव्या मशीनवर मराठी कीबोर्ड वेगळा चालू करावा लागतो. विंडोजमध्ये निर्मला फॉन्ट असतो. मंगल आणि कोकिळा हवे असतील तर देवनागरी फॉन्टचा जोड बसवून घ्या. श्रीलिपी किंवा कृतीदेवमधल्या जुन्या फायली असतील तर ते फॉन्ट मूळ प्रतिमेतच बसवा, नाहीतर जुनी पत्रे वाचता येणार नाहीत.

१०. कायदा आणि बॅकअप

प्रायव्हसी ॲक्ट २०२० (१ डिसेंबर २०२० पासून लागू) प्रमाणे ग्राहकांची माहिती क्लाउड कंपनीकडे ठेवली तरी जबाबदारी आपलीच राहते. गंभीर गळती झाली तर प्रायव्हसी कमिशनर आणि संबंधित लोकांना कळवावे लागते. भारतातला माणूस ही माहिती पाहणार असेल तर ते करारात लिहा आणि ग्राहकाला सांगा. कराच्या नोंदी सात वर्षे ठेवाव्या लागतात. त्या देशाबाहेरच्या केंद्रात ठेवण्यापूर्वी इनलँड रेव्हेन्यूची परवानगी लागते का, ते अकाउंटंटला विचारा.

२२ फेब्रुवारी २०११ च्या भूकंपानंतर क्राइस्टचर्चच्या मध्यभागाला घातलेले कुंपण जून २०१३ मध्ये पूर्णपणे निघाले. इमारत उभी होती, आत सर्व्हर होता, पण आत जाता येत नव्हते, अशी अवस्था अनेक व्यवसायांची झाली. जानेवारी २०२३ च्या ऑकलंडच्या पुरातही ऑफिसांत पाणी शिरले. क्लाउडचा खरा फायदा इथे आहे. पण क्लाउड म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून पुसलेली फाइल क्लाउडवरही पुसलीच जाते, आणि खंडणीखोर व्हायरस तिथेही शिरतो. रोजचा बॅकअप वेगळ्या खात्यात ठेवा, दुहेरी लॉगिन सर्वांना सक्तीचे करा, आणि तीन महिन्यांतून एकदा एखादी जुनी फाइल खरोखर परत आणून पाहा. परत आणून न पाहिलेला बॅकअप म्हणजे नुसती समजूत.

थोडक्यात

१. आठवडाभर मोजा.
२. रॅम आधी ठरवा, मग प्रोसेसर, मग डिस्कचा वेग, शेवटी जागा.
३. डेस्कटॉप फायलींजवळ ठेवा.
४. लहान मशीन घेऊन दोनजणांवर महिनाभर चाचणी करा. ज्याचे काम सर्वांत जड, तो त्यात असावा.
५. बंद होण्याची वेळ आणि बॅकअप पहिल्याच दिवशी लावा.
६. तीन महिन्यांनी बिल आणि वहीतले आकडे शेजारी ठेवून मगच करार करा.

मशीनचा आकार बदलायला क्लाउडवर काही मिनिटे लागतात. त्यामुळे पहिल्या निवडीत थोडी चूक झाली तरी बिघडत नाही. गेलेल्या फायली मात्र परत येत नाहीत, म्हणून जास्त काळजी तिथे घ्या.

चूभूद्याघ्या.